मेडिकलवरून आणलेल्या मलमाने गजकर्ण आधी बसतं आणि मग दुप्पट का पसरतं?

बहुतेक वेळा मलमातल्या स्टेरॉइडमुळे. गजकर्ण बुरशीमुळे होतं आणि बुरशीच्या पेशीभित्तिकेत, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या भिंतीत, बीटा-ग्लुकन नावाचा घटक असतो. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवरचा डेक्टिन-१ नावाचा ग्राहक (रिसेप्टर) तो ओळखतो, हे गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवलं. ओळख पटली की दाह सुरू होतो. चट्ट्याची ती लाल, उठलेली कडा नीट बघा, शरीर तिथेच झुंजत असतं. स्टेरॉइड ही झुंजच दाबतं. खाज थांबते, बुरशी मात्र मोकाट. त्यात परभणी-नांदेडचा उन्हाळा, घामाने भिजलेल्या जांघा!

ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन (ही स्टेरॉइडंच) लिहिलं असेल तर कृपा करून मनाने लावू नका. सरळ त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. घरात आणखी कुणाला असेल तर त्यांनाही सोबत न्या, नाहीतर परत लागतं.