गोव्याच्या हवेत सिल्की कोंबड्या टिकतात का?

तुम्ही विचारलंय की डिचोलीजवळ घर आहे, परसात जागा आहे, मुलीला सिल्की कोंबड्या हव्यात, पण दुकानदार म्हणतो गोव्याच्या उकाड्यात त्या मरतात, तर आणाव्यात की नाही?

आणा. मी सत्तरी तालुक्यात राहतो आणि आमच्याकडे पांढऱ्या आणि काळ्या दोन्ही सिल्की आहेत. उकाड्याचा त्यांना त्रास होतो हे खरं, पण सावली आणि गार पाणी मिळालं की त्या मे महिना काढतात. आपल्याकडे त्यांना खरा धोका ओलीचा. खुराडं बांधताना आधी पावसाचा विचार करा, उन्हाचा नंतर.

साध्या कोंबडीच्या पिसाला बारीक आकडे असतात. ते एकमेकांत अडकून पीस सलग राहतं आणि पाणी वरून ओघळून जातं. सिल्कीच्या पिसात ते आकडे नसतात, म्हणून ती कापसासारखी फुललेली दिसते, म्हणूनच तिला उडता येत नाही आणि म्हणूनच ती थेट कातडीपर्यंत भिजते. गावठी कोंबडी सर येऊन गेली की अंग झाडून चरायला लागते, सिल्की तिथंच कुडकुडत उभी राहते. आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा हे हलक्यात घेऊ नका. भिजलेली दिसली की टॉवेलनं टिपून, हेअर ड्रायर मंद ठेवून मुळापासून वाळवा. वरून कोरडी दिसली तरी आतला लोकरीसारखा थर ओलाच असतो, बोटं घालून बघा.

खुराड्याची जमीन चिऱ्यांवर दीड-दोन फूट उंच घ्या. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून दक्षिण आणि पश्चिम बाजू भिंतीनं बंद करा, उरलेल्या दोन बाजूंना जाळी ठेवा. पूर्ण बंद खुराड्यात विष्ठेची वाफ कोंडते आणि कोंबड्यांना सर्दी लागते, तेव्हा वारा खेळायलाच हवा. कौलांची वळचण चांगली पुढे काढा. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेडच घ्या. बाजारात मिळणाऱ्या षटकोनी जाळीतून साप सहज आत येतो आणि मुंगूस ती वाकवतं. सिल्की दांडीवर चढत नाहीत, रात्री कोपऱ्यात जमिनीवरच एकमेकींना चिकटून झोपतात, म्हणून खालची जमीन कोरडी असणं सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही भाताचं तूस जाड पसरतो, रोज उलथतो आणि ओले गठ्ठे काढून टाकतो. त्यांच्या पायांवरही पिसं असतात. त्यांत चिखल वाळून बसला की बोटं सुजतात, तेव्हा पावसाळ्यात परसात मोकळं सोडायचं ते फक्त उघडीप असेल तेव्हाच.

ओल्या तुसातून दुसरा त्रास येतो तो रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा. पिल्लं पंख पाडून गप्प बसली आणि विष्ठेत रक्त दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, औषध वेळेवर मिळालं तर पिल्लं वाचतात. राणीखेत या कोंबड्यांच्या जीवघेण्या रोगाची लस मात्र चुकवू नका. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला लासोटा ही लस डोळ्यात थेंब घालून द्यायची, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्यानंतर त्याच रोगाची आर-टू-बी ही लस टोचून. कुपी शेकडो पिल्लांना पुरेल एवढी असते आणि उघडली की ठेवता येत नाही, म्हणून वाड्यावरच्या गावठी कोंबड्यांनाही त्याच दिवशी देऊन घ्या. देवीची लसही विचारा, तो रोग डास पसरवतात. मारेक्स या विषाणूच्या रोगाला ही जात लवकर बळी पडते आणि त्याची लस उबवणीतच पहिल्या दिवशी द्यावी लागते. म्हणून पिल्लं घेताना विक्रेत्याला हा प्रश्न आधी विचारा.

घेताना पाय मोजा. बहुतेक कोंबड्यांना चार बोटं असतात, सिल्कीला पाच. कातडी काळी हवी. कातडी कडकनाथचीही काळी असते, पण त्याची पिसं साधी असतात. सहा महिन्यांपर्यंत नर-मादी ओळखणं कठीण जातं, तेव्हा कुणी लहान पिल्लांतून "सगळ्या माद्या" देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. चार-पाच पिल्लं घ्या, एकटी ठेवू नका. दसऱ्यानंतर घेतलीत तर जूनपर्यंत त्या मोठ्या झालेल्या असतात.

मुलीसाठी घेताय म्हणून डोक्याचं आवर्जून सांगतो. तुऱ्याखाली बऱ्याच सिल्कींच्या कवटीचं हाड पूर्ण जुळलेलं नसतं. तिथं चोच किंवा जोराचा धक्का बसला तर मान वाकडी होते, कधी जीव जातो. मुलीला पाठ आणि छाती कुरवाळायला शिकवा, डोकं नाही. याच कारणानं गावठी कोंबड्यासोबत त्यांना ठेवू नये. तुरा डोळ्यांवर आला की डोळ्यांभोवतीची पिसं कात्रीनं कमी करा, नाहीतर त्यांना ना दाणे दिसतात ना वरून येणारी घार. मान वाकडी दिसली तर घरीच जीवनसत्त्वं देत बसू नका, राणीखेत आणि मारेक्समध्येही तेच लक्षण असतं.

खाण्यात विशेष काही नाही. पहिले आठ आठवडे स्टार्टर हे पिल्लांचं खाद्य, मग वाढीचं ग्रोअर, अंडी सुरू व्हायच्या सुमारास अंड्यांवरच्या कोंबड्यांचं लेयर. पावसात गोणीला बुरशी धरते आणि तिचं विष कोंबड्यांच्या यकृतावर जातं, तेव्हा आठवड्याला पुरेल एवढंच आणा. तिसऱ्यांचे शिंपले वाळवून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवा, कवच घट्ट होतं. खारवलेल्या मासळीचं उरलंसुरलं घालू नका, मीठ त्यांना सोसत नाही.

अंड्यांसाठी घेत असाल तर निराश व्हाल. वर्षाला शंभर-सव्वाशे, तीही लहान, कारण सिल्की वरचेवर खुडूक होते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते. पण खुडूक झालेली सिल्की मी जिवापाड जपतो. तिच्याखाली गावठी अंडी ठेवा, सहा-सात बसतात. एकवीस दिवस ती उठायचं नाव घेत नाही, म्हणून रोज एकदा उचलून दाण्यापाण्याशी नेऊन सोडा. पिल्लं कुणाची आहेत हे ती बघत नाही, सगळ्यांना पंखांखाली घेते. फक्त जूनच्या तोंडावर तिला बसवू नका. भर पावसात एवढ्या लहान पिल्लांना कोरडं ठेवणं फार अवघड होतं.