अँटिबायोटिक जपून घेणाऱ्याचा गोठ्याशी आणि नदीशी काय संबंध?

आपण विचारले आहे की, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळी न घेणाऱ्या पुणेकराने जनावरांच्या औषधांची आणि मुळा-मुठेची काळजी का करावी. मी पुणे जिल्ह्यात पशुवैद्यक आहे, त्यामुळे उत्तर माझ्या बाजूने देतो.

औषधाला दाद न देण्याची क्षमता देणारी बरीच जनुके प्लाझमिड नावाच्या सुट्या डीएनए-वलयावर असतात, आणि ती एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीकडे जातात. अतिदक्षता विभागात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन अनेक देशांत कोंबड्या-डुकरांना वजन वाढावे म्हणून खाद्यातून दिले जात होते. 2015 मध्ये चीनमधील संशोधकांनी त्याला निष्प्रभ करणारे एमसीआर-1 हे प्लाझमिडवरील जनुक डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही दाखवून दिले. भारताने 2019 मध्ये खाद्योत्पादक प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. असे जिवाणू आपल्या आतड्यात कोणतेही लक्षण न दाखवता राहू शकतात, म्हणून आपली शिस्त आवश्यक असली तरी पुरेशी नाही.

गोठ्यात मात्र नुसत्या बंदीने भागत नाही. गाईला दगडी, म्हणजे कासदाह, झाला की दुधाची तपासणी न करताच सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली जाते, कारण अहवालाची वाट पाहण्याइतकी सवड शेतकऱ्याला नसते. उपचारानंतर ठरावीक मुदतीपर्यंतचे दूध विकायचे नसते. तो तोटा त्याने एकट्याने सोसावा, ही अपेक्षा मला अन्यायकारक वाटते आणि दूध खरेदी करणाऱ्यांनी त्यात वाटा उचलायला हवा. (कोरडा गोठा आणि धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवण्याची सवय यांनी औषधाची गरजच कमी होते, पण त्याचे श्रेय कोणी देत नाही.)

नदीचे म्हणाल, तर सांडपाणी प्रक्रिया केंद्रे मुख्यतः सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी बांधलेली असतात, प्रतिरोधक जनुके काढण्यासाठी नव्हे. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून उजनीकडे जाते आणि वाटेत शेतीला, चाऱ्यालाही लागते.

जागतिक आरोग्य संघटनेची ‘ट्रायसायकल’ ही पाहणीपद्धत माणूस, अन्नसाखळी आणि पर्यावरण या तिन्हींकडे ईएसबीएल (अनेक अँटिबायोटिक निष्प्रभ करणारे विकर) तयार करणारा ई. कोलाय हा आतड्यातला एकच जिवाणू मोजते. जिल्हा पातळीवर सुरुवात करायची तर मी याच पद्धतीने करीन, कारण रुग्णालय, पशुवैद्यकीय दवाखाना आणि नदीचे नमुने यांचे आकडे त्यामुळे एकाच तक्त्यात ठेवता येतात.