लॅपटॉप घ्यायच्या आधी हे वाच

प्रिय बेटा,

कथासंग्रह पुरा झाला हे ऐकून फार छान वाटलं, पण आधी साठ हजारांचा लॅपटॉप घेते मग ई-बुक काढते हे काही मला पटलं नाही गं. आपल्या आरएनटी मार्गावर सिल्वर मॉलमध्ये जुने लॅपटॉप मिळतात, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला बघ, बॅटरी किती चालते ते तिथेच तपास, बस. लिहायला लिब्रे ऑफिस, ई-बुकची फाइल बनवायला कॅलिबर, ती किंडलवर (अ‍ॅमेझॉनच्या ई-बुक वाचायच्या यंत्रावर) कशी दिसेल ते बघायला किंडल प्रीव्ह्यूअर, सगळं फुकट आहे. बाहेरून टायपिंग करून घेतलंस तर आधीच सांग की फाइल युनिकोडमध्येच पाहिजे, कारण श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर किंडलवर नुसता कचरा दिसतो आणि मग सगळं कन्व्हर्ट करून पुन्हा मुद्रितशोधन करत बसायचं. अपलोड करायच्या आधी प्रीव्ह्यूअरमध्ये जोडाक्षरं नीट दिसतायत ना ते बघ. ई-बुकला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लागत नाही, त्यावर कुणाला पैसे देऊ नकोस.

खरं लक्ष हिशोबात घाल. केडीपीवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनवर स्वतः ई-बुक काढायच्या सोयीवर, भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी पाहिजे असेल तर त्यांच्या ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत पुस्तकाचं नाव घालावं लागतं, नाहीतर ३५ टक्के, आणि सिलेक्ट म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही द्यायचं नाही, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफसुद्धा नाही! ७० टक्क्यांत फाइलच्या साइजप्रमाणे डिलिव्हरीचे पैसेही कापतात, म्हणून आतमध्ये मोठमोठे फोटो टाकू नकोस.

केडीपीच्या रिपोर्टमध्ये ऑर्डर वेगळ्या, फुकट गेलेल्या प्रती वेगळ्या, किंडल अनलिमिटेडवर (वर्गणी भरून पुस्तकं वाचायची योजना) वाचलेली पानं वेगळी. नवीन लोक फुकटच्या प्रती विक्रीत धरतात आणि हुरळून जातात, तू तसं करू नकोस. पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात, म्हणजे जानेवारीची विक्री मार्चअखेर खात्यात दिसणार, तेव्हा एका गूगल शीटमध्ये रिपोर्टमध्ये दिसलेली रॉयल्टी आणि खात्यात जमा झालेली रक्कम असे दोन कॉलम ठेव, फरक पडला तर लगेच कळतो.

आणि त्याच शीटमध्ये अजून एक कॉलम ठेवच, त्या दिवशी तू काय केलंस त्याचा. किंमत बदलली, कव्हर बदललं, महाराष्ट्र मंडळात कथा वाचली, कुणी फेसबुकवर लिहिलं, जे काय असेल ते तारखेसकट. किती प्रती गेल्या ते केडीपी सांगतं पण का गेल्या ते सांगत नाही, आणि दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी तुला तेच लागणार आहे, हा कॉलम माझ्यासाठी बाकी सगळ्यांपेक्षा मोलाचा आहे. रोज रोज रिपोर्ट उघडत बसू नकोस मात्र, लिहिणं राहून जातं, आठवड्यातून एकदा पुरे.

शनिवारी सिल्वर मॉलला जाऊ, मी येते बरोबर. पेन ड्राइव्हवर तुझी फाइल घेऊन ये, दुकानातच उघडून बघू.

तुझी मावशी
इंदूर