सुट्या गेम-डिस्क कशा ठेवाव्यात?

प्रश्न : माझ्याकडे प्लेस्टेशन टूच्या बऱ्याच डिस्क डबीविना आहेत. एकावर एक रचून ठेवल्यात. चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही, ती चळत आजच मोडा, डिस्क एकमेकींवर घासतात. आधी निळ्या बुडाच्या वेगळ्या काढा. त्या डीव्हीडी नसून सीडी आहेत आणि जास्त नाजूक आहेत. सीडीत माहितीचा थर चित्राच्या बाजूला, पातळ लाखेखाली असतो. खालचा ओरखडा पॉलिशने बऱ्याचदा निघतो, पण चित्रावरचा खोल ओरखडा गेम कायमचा घेऊन जातो. तिथे चिकटपट्टी किंवा बॉलपेन अजिबात नको. डीव्हीडीत तोच थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये सुरक्षित असतो.

मी रिकाम्या डीव्हीडी-डब्या घेऊन त्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवतो. चेनच्या फोल्डरवर माझा विश्वास नाही. कप्प्यात धूळ शिरली की डिस्क दरवेळी घासली जाते. जागाच नसेल तर पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. पीव्हीसीची तुमच्याकडच्या दमट हवेत चिकटतात. पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्या. गोल फिरवलंत तर ओरखडा माहितीच्या ओळीवरूनच जातो, आणि तो वाचणं यंत्राला फार जड जातं.