हॉलला सेज ग्रीन दिला तर खोली काळवंडेल का?

तुमचा हॉल एकाच खिडकीचा, फर्निचर सागवानी, तुम्हाला तो करडट हिरवा हवाय आणि घरचे म्हणतायत दवाखाना होईल. घरच्यांचं अगदीच चुकत नाहीये. माझा झाला होता.

मी दुकानात शेड कार्डवरचा बोटाच्या पेराएवढा तुकडा बघून रंग ठरवला. दोन हात मारून झाले, संध्याकाळी ट्यूब लावली, तर सासूबाई दारातच थांबल्या. म्हणाल्या, "केसपेपर कुठे काढायचा?"

मी भिंती परत रंगवायला निघाले होते. रंगारी काका म्हणाले, आधी दिवे बदलून बघा. ट्यूब 6500 केल्विनची होती, म्हणजे निळसर पांढरी. 3000 चे पिवळसर दिवे लावले आणि तीच भिंत निवली. या रंगात हिरवा थोडा आणि राखाडी जास्त, त्यामुळे पडेल त्या उजेडाकडे तो झुकतो. उत्तरेच्या खिडकीपाशी गारठल्यासारखा दिसतो, पश्चिमेचं ऊन आलं की चारनंतर खाकीकडे जातो. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, तो वाचूनच घ्या.

मला नेमका कुठला रंग हवा होता ते सांगते. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात ना, त्या पानावर पांढरट भुकटी धरल्यासारखी असते. बोट फिरवलं की खालचा हिरवा उघडा पडतो. तर बोट फिरवायच्या आधीचा रंग.

काळोखाचं म्हणाल तर कार्डवर आवडलेल्या शेडपेक्षा एक घर फिकी घ्या, चारही भिंतींना लागल्यावर रंग गडदच वाटतो. छत पांढरं ठेवा, पण दुधाळ पांढरं, निळसर नको. आणि पट्टा थेट जुन्या भिंतीवर मारून बघू नका, शेजारचा रंग डोळ्याला फसवतो. लहान सॅम्पल डबा आणा, दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि तो पुठ्ठा सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून कपाटाशेजारी उभा करून बघा. दोन दिवस जातात, जाऊ द्या.

सागवानाशी हा रंग छान जमतो, पितळेशी तर फारच. पडद्यांना मी साधा मांजरपाट घेतला, बिनधुवट. लालसर पॉलिशचं फर्निचर असेल तर मात्र विचार करा, हिरव्याशेजारी लाल आणखी लाल दिसतं.

फिनिश मॅट घ्या. चकाकी असली की लांबी (पुट्टी) नीट न घासलेली प्रत्येक जागा तिरक्या उजेडात चुगली करते. घरात लहान मूल असेल तर मॅटमध्येच धुता येणारा मिळतो. भिंतीला ओल असेल तर पावसाळ्यानंतर ती पूर्ण सुकेपर्यंत थांबा. या रंगावर खरोखरचं शेवाळ धरलं तरी बरेच दिवस कळायचं नाही!

उरलेला रंग फेकू नका. मशीनवर पुन्हा कालवलेला डबा पहिल्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. अर्धा लिटर झाकण घट्ट लावून ठेवा आणि शेडच्या कोडची चिठ्ठी डब्यालाच चिकटवा. माझी हरवली, म्हणून स्विचबोर्डाखालचा एक चौकोन अजून वेगळा दिसतो. त्यावर सध्या कॅलेंडर आहे.