सरकारचे साथीचे नियम ख्रिस्ती माणसाने मोडले तर चालतं का?

मी मालवणकडचा कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे जसं बघतात तसं सांगतो. नियम आवडला नाही म्हणून मोडायला धर्म परवानगी देत नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 13वा अध्याय सरळ सांगतो की सत्तेचं ऐका. आता लोक लगेच बायबलमधलंच प्रेषितांची कृत्ये 5:29 काढतात, माणसांपेक्षा देवाचं ऐकावं म्हणून, पण तिथे येशूचा शिष्य पेत्र याला येशूचं नाव घ्यायचीच बंदी होती, मास्क लावायला नव्हतं सांगितलं कोणी! आणि बायबलच्या जुन्या करारातलं लेवीय 13 वाचा, अंगावर चट्टा असलेल्याने वरचा ओठ झाकून छावणीबाहेर राहायचं, म्हणजे क्वारंटाईन काय आजचं नाही.

2020 चा ईस्टर 12 एप्रिलला होता, चर्चला कुलूप, आमच्या आईने तांदळाच्या डब्याला मोबाईल टेकवून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, बघितली, डोक्यावर ओढणी घेऊन, आणि मध्येच रेंज गेली तर माझ्यावरच ओरडली. वाईट वाटलंच, पण देवळं, मशिदी पण बंदच होत्या, फक्त आमच्यावर डोळा ठेवून काढलेला नियम नव्हता तो. तसा असता तर मी पण विरोध केला असता, उघडपणे, आणि दंड भरायची तयारी ठेवून. लपूनछपून मिस्सा नाही.

लसीचं जरा वेगळं आहे. व्हॅटिकनने डिसेंबर 2020 मध्येच म्हटलं की कोविडची लस घेणं नैतिकदृष्ट्या चालतं पण ती ऐच्छिक हवी, मात्र जो नाकारेल त्याने आपल्यामुळे दुसऱ्याला लागण होणार नाही याची काळजी घ्यायची. हे दुसरं वाक्य फॉरवर्ड करताना लोक बरोब्बर गाळतात.