वाचकांचे प्रश्न : धूर दिसत नाही म्हणजे इंजिन स्वच्छ झाले का?

प्रश्न : आमचे घर उक्षी आणि रत्नागिरी यांच्या दरम्यान, रुळांपासून हाकेच्या अंतरावर आहे. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण झाले असले तरी अधूनमधून डिझेल इंजिनाची गाडी जाताना दिसते. पूर्वीची इंजिने चढावर काळ्या धुराचा लोट सोडीत, आताच्या इंजिनांचा धूर फारसा दिसत नाही. परदेशात उत्सर्जनाची मानके कडक झाल्यामुळे डिझेल इंजिने स्वच्छ झाली, असे वाचनात आले. ही मानके नेमके काय मोजतात? आणि धूर दिसत नाही, म्हणजे हवा स्वच्छ आहे असे समजावे काय?
— एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : तसे समजू नये. काळा धूर म्हणजे पुरेशा हवेअभावी अर्धवट जळलेल्या इंधनाची काजळी. आपण पूर्वी पाहत होता ती इंजिने बहुधा अल्को जातीची असावीत. त्यांच्यातील हवा दाबून भरणारा टर्बो केवळ बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर फिरतो. लोको पायलटने नॉच, म्हणजे शक्ती वाढवण्याच्या दांड्याची पायरी, वाढवला की इंधन लगेच वाढते, पण टर्बोला वेग घ्यायला काही क्षण लागतात, आणि तेवढ्या वेळात हवा कमी पडून धुराचा लोट उठतो. नंतर आलेल्या डब्ल्यूडीजी-४ आणि डब्ल्यूडीपी-४ या इंजिनांत कमी भारावर टर्बो दातेरी चाकांमार्फत इंजिनाच्याच शक्तीने फिरवला जातो, त्यामुळे सुरुवातीचा हा लोट पुष्कळ कमी होतो. म्हणजे आपले निरीक्षण बरोबर आहे, त्यावरून काढायचा निष्कर्ष मात्र जपून काढावा लागेल.

याचे कारण असे की डिझेलच्या उत्सर्जनातील एक मोठा घटक, नायट्रोजनची ऑक्साइडे, धुरासारखा डोळ्यांना दिसत नाही. ज्वलनाचे तापमान फार वाढले की हवेतीलच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन ती तयार होतात. पुढे उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन बनतो आणि काही भाग अतिसूक्ष्म कणांत रूपांतरित होतो. इंजिन बनवणाऱ्यांची खरी अडचण इथेच आहे. ज्वलन अधिक तापवावे तर काजळी कमी होते, पण ही ऑक्साइडे वाढतात. तापमान उतरवावे तर ऑक्साइडे घटतात आणि काजळी पुन्हा डोके वर काढते. केवळ धूर दिसेनासा केला म्हणून इंजिन स्वच्छ ठरत नाही ते यामुळेच, आणि मानकांत दोन्ही घटकांची मर्यादा स्वतंत्रपणे घालून दिलेली असते तीही यामुळेच.

अमेरिकेची मानके या बाबतीत सर्वांत तपशीलवार आहेत. तेथे एक अश्वशक्ती-तास, म्हणजे एक अश्वशक्ती तासभर वापरून होते तेवढ्या, कामामागे किती ग्रॅम प्रदूषक बाहेर पडले ते मोजतात. लांब पल्ल्याच्या इंजिनांसाठी पहिल्या पायरीवर, म्हणजे टिअर-० मध्ये, नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा ९.५ ग्रॅम आणि कणांची, म्हणजे मुख्यतः काजळीची, ०.६० ग्रॅम होती. २०१५ पासून तयार होणाऱ्या नव्या इंजिनांना लागू झालेल्या टिअर-४ मध्ये हेच आकडे १.३ आणि ०.०३ ग्रॅम आहेत. ही घट साध्या सुधारणांनी साधणारी नव्हती. त्यासाठी उच्च दाबाखाली, संगणकाच्या नियंत्रणाने, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवून इंधन फवारावे लागले आणि बाहेर पडणाऱ्या वायूंचा काही भाग थंड करून पुन्हा सिलिंडरमध्ये सोडावा लागला. या परतलेल्या वायूत ऑक्सिजन कमी असल्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते. मालगाडीच्या इंजिनांच्या दोन्ही प्रमुख अमेरिकी उत्पादकांनी हाच मार्ग धरला. काही प्रवासी इंजिनांत मात्र युरियाच्या द्रावणाची फवारणी करून ऑक्साइडांचे पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये रूपांतर केले जाते. इंधनातील गंधक कमी केल्याशिवाय अशी यंत्रणा टिकत नाही, म्हणून तेथे २०१२ पासून रेल्वेच्या डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत १५ भागांवर आणले गेले. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ च्या वाहन डिझेलमध्ये ही मर्यादा १० आहे.

माझ्या मते या मानकांतील सर्वांत शहाणपणाची तरतूद नव्या इंजिनांविषयीची नाही. रेल्वेचे इंजिन मोटारीसारखे दहा-पंधरा वर्षांत भंगारात जात नाही. ते चाळीस वर्षेही चालते आणि दरम्यान अनेकदा पूर्ण उघडून नव्याने बांधले जाते. नियम केवळ नव्या इंजिनांना लावला असता तर जुनी इंजिने एका पिढीहून अधिक काळ तशीच धूर ओकत राहिली असती. म्हणून २००८ च्या नियमाने टिअर-० मधील जुन्या इंजिनांनाही पुनर्बांधणीच्या वेळी कणांची मर्यादा ०.६० वरून ०.२२ ग्रॅमवर आणणे बंधनकारक केले. पिस्टनच्या कड्या सुधारून वंगणाचे तेल कमी जळेल असे करणे हा त्यातील एक साधा उपाय. कारण वंगण जळले तरी कण तयार होतातच. अर्थात याला दुसरी बाजूही आहे. टिअर-४ चे इंजिन महाग आणि गुंतागुंतीचे असल्यामुळे तेथील अनेक रेल्वे कंपन्यांनी नवी इंजिने घेण्याऐवजी जुनीच पुन्हा बांधून वापरणे पसंत केले. म्हणजे पुनर्बांधणीचा नियम नसता, तर कडक मानकाचा परिणाम उलटाच झाला असता.

भारतात भारत स्टेजची मानके रस्त्यावरील वाहनांसाठी आहेत, रेल्वे इंजिनांना ती लागू होत नाहीत. आपल्या रेल्वेने डिझेलचा प्रश्न मुख्यतः विद्युतीकरणाने सोडवला. कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग मार्च २०२२ मध्ये पूर्ण विद्युतीकृत झाला आणि त्याच वर्षी २० जूनला त्याचे लोकार्पण झाले. आपल्या भागाला त्याचा लाभ विशेष आहे, कारण उक्षी आणि भोके यांच्यामधील करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. उघड्यावरचा धूर वारा घेऊन जातो. बोगद्यातला धूर मागच्या डब्यांवर आणि रुळांवर काम करणाऱ्या माणसांवर रेंगाळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले, ही गोष्ट त्या कामगारांच्या संदर्भात तरी विसरता येत नाही. विजेवर चालणारी गाडी बोगद्यात धूर सोडत नाही. वीज कोळशाची असेल तर तो धूर दुसऱ्या कोणाच्या तरी गावात निघतो, एवढे मान्य करूनही हा फरक मोठा आहे.

प्रश्न : आमची हापूसची कलमे रुळांलगत आहेत. पानांवर काळा थर येतो, तो इंजिनांच्या धुराचा असेल काय?

उत्तर : तशी शक्यता कमी वाटते. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे रस शोषून मधासारखा चिकट पदार्थ टाकतात, त्यावर काळी बुरशी वाढते आणि ती हुबेहूब काजळीसारखी दिसते. रुळांपासून दूर असलेल्या एखाद्या बागेतील पाने याच दिवसांत पाहावीत. तेथेही तसाच थर असेल, तर उपाय तुडतुड्यांवर करावा लागेल, आणि त्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या फवारणीच्या शिफारशी पाहाव्यात.